पुतण्या येणार आहे

१ जून २०२५, रविवार

पंडित नाना म्हणाले, रोज दुकान बंद केल्यावर दोन ओळी लिहीत जा. आज राग कधी आला, कुणावर आला, आणि तेव्हा श्वास कुठं होता. बाकी काही लिहायची गरज नाही. म्हणून मी बसलोय, आणि पहिल्याच दिवशी बाकीचंच लिहिणार आहे, कारण मला थोडक्यात काही जमत नाही.

राग माझा जुना आहे. मोटार वायंडिंगचा धंदा, त्यातून धुळ्याचा उन्हाळा. शेतकरी पाण्यातली मोटार जाळून आणतात आणि वर मलाच म्हणतात, तुमचंच काम कच्चं. असंच एकाशी भांडताना मी काउंटरवर मूठ आपटली, काच फुटली आणि हातात घुसली. नेमके तेव्हा पंडित नाना बैसाणे विहाराच्या बोअरची मोटार घेऊन आले होते. मी त्यांना ओळखतही नव्हतो. रिटायर झालेले मास्तर. त्यांनी आपला रुमाल माझ्या हाताला गुंडाळला, रिक्षात घालून दवाखान्यात नेलं आणि टाके पडेपर्यंत बाहेर बसून राहिले. वाटेत एवढंच म्हणाले, "भाऊ, रविवारी सकाळी विहारात या. गप्प बसायचं असतं, दुसरं काही नाही."

तेव्हापासून जातो. घरी सांगितलंय की पांझरेच्या काठाने फिरायला जातो. बायको, लता, म्हणते, फिरून तब्येत सुधारली तुमची.

एकदा मी नानांना विचारलं होतं, "मला धर्म बदलावा लागेल का?" ते हसले. "श्वास घ्यायला दाखला लागतो का, अभिमन भाऊ? बसा." मला फार बरं वाटलं. म्हणजे काही सोडायचंही नाही आणि कुणाला सांगायचंही नाही.

राग: एकदा. छगनवर. शेजारी राहतो, बाईक माझ्याच गेटसमोर लावतो. श्वास नाकाच्या शेंड्यावर होता. शिवी गिळली.


८ जून, रविवार

आज विहारात सगळ्यांसमोर छगनच्या बाईकची गोष्ट सांगितली. लोकांनी कौतुक केलं. नाना म्हणाले, "शिवी गिळली ते चांगलंच. पण गिळलेली कुठं जाते, तिच्याकडेही लक्ष ठेवा." हे मला नीट कळलं नाही. मास्तर लोकांना प्रत्येक गोष्टीला पुस्ती जोडायची सवय असते.

शेवटी पंचशील म्हणतात. नाना पुढे सांगतात, आम्ही मागून म्हणतो. मला आता पाठ झालंय. सगळ्यात मोठा आवाज माझाच असतो.


१५ जून, रविवार

आमच्या हॉलमधल्या शोकेसमध्ये एक पांढरा बुद्ध आहे. वास्तुशांतीला दीपकने, म्हणजे माझ्या शिंदखेड्याच्या पुतण्याने दिला होता. येणारा-जाणारा म्हणतो, छान आहे, शांत वाटतं. आईसुद्धा जाता-येता त्याच्यावरची धूळ पदराने पुसते. आज विहारातून आल्यावर त्याच्याकडे पाहून वाटलं, बघा, आमच्या घरात कुणाच्या मनात काही नाही.

राग: नाही.


२२ जून, रविवार

आज जे झालं ते लिहायला नको वाटतंय.

विहारात बसून झाल्यावर नानांनी आपल्या भाचीची गोष्ट काढली. प्रज्ञा. यावलची. इथल्या एका दवाखान्यात नर्स म्हणून लागली आहे. नानांच्या दोन खोल्यांत मुलगा, सून, नातवंडं, तिला जागा कुठं? म्हणून पोरगी देवपुरात खोली शोधते आहे. सगळीकडे आधी खोली दाखवतात, पाणी किती वेळ येतं तेही सांगतात, मग आडनाव विचारतात. आडनाव सांगितलं की त्यांच्या घरी अचानक पाहुणे येणार असतात.

मी तिथं सगळ्यात जास्त बोललो. म्हणालो, लोक शिकले पण सुधारले नाहीत. म्हणालो, अशांना कोर्टात खेचलं पाहिजे. माझा आवाज चढला म्हणून नानांनी हाताने खाली बसा अशी खूण केली.

मग चहा घेताना नाना माझ्याजवळ आले आणि अगदी साधेपणाने म्हणाले, "अभिमन भाऊ, तुमची वरची खोली रिकामीच आहे ना?"

मी म्हणालो, "होती. पण पुतण्या येणार आहे. दीपक. पोलीस भरतीच्या तयारीला."

विचार करायलाही वेळ लागला नाही. कुणीतरी आधीच तोंडात भरून ठेवल्यासारखं बाहेर पडलं. नाना म्हणाले, "अरे वा, चांगलंच की." आणि माझ्या कपात थोडा चहा ओतला.

मला स्वतःला काही नाही. मी तर त्यांच्यात मांडीला मांडी लावून बसतो. पण आई आहे. ती जुन्या वळणाची, तिच्या जिवाला त्रास कशाला? लताचं सोवळं-ओवळं नाही, तरी गल्ली आहे. छगन बोलेल. माणसाला घरादाराचं बघावं लागतं.

आज राग आला तो माझ्यासारख्या लोकांवर. नाही, चुकीचं लिहिलं. त्या लोकांवर.


२३ जून, सोमवार

राग: नाही.


२९ जून, रविवार

जावं की न जावं करत गेलो. न गेलो तर नानांना वाटायचं की खोलीमुळे आला नाही.

त्यांनीच विचारलं, "आला का पुतण्या?"

"येईल आता. घरची कामं चालली आहेत."

"अभ्यासाला छान जागा आहे ती. पूर्वेची खिडकी आहे."

त्यांना खिडकी माहीत आहे. मागे एकदा टाकीची मोटार दाखवायला मी त्यांना घरी आणलं होतं. बाहेरच्या जिन्याने थेट गच्चीवर, येताना ती खोली दाखवली, आणि बाहेरच्याच जिन्याने खाली. आई तेव्हा देवळात गेली होती. पाणी विचारायचं राहून गेलं असं मला तेव्हा वाटलं. राहून गेलं म्हणजे काय, आज बसल्यावर तेच डोक्यात फिरत होतं. श्वास काही सापडला नाही.


६ जुलै, रविवार

मी काय करतोय, माझं मलाच हसू येतंय आणि रडूही.

प्रज्ञाच्या दवाखान्याची वाट आमच्या गल्लीवरून जाते. खोली अंधारी दिसली तर? म्हणून तीनचार दिवसांपासून संध्याकाळी वरचा दिवा लावून येतो. परवा माझेच दोन शर्ट खिडकीतल्या दोरीवर वाळत घातले. मग वाटलं, भरतीच्या पोराचे शर्ट एवढ्या पोटाचे कसे असतील? म्हणून ते काढले आणि बाजारातून एक टी-शर्ट आणून टांगला.

लता म्हणाली, "वर दिवा कशाला जळतोय?"

"ओल धरतेय भिंतीला."

"दिव्याने ओल जाते होय?"

तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मी वर्तमानपत्र उघडलं. लाज वाटली. पन्नाशी ओलांडलेला माणूस मी, न आलेल्या पुतण्याचे कपडे वाळत घालतोय.


१० जुलै, गुरुवार

आषाढी पौर्णिमा. आजपासून विहारात वर्षावासाचं, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांचं, वाचन सुरू झालं. नानांनी नेमकं सम्यक वाणीचं वाचलं. खरं बोलावं, कुणाला तोडून बोलू नये, फुकाचं बोलू नये. मला वाटलं, ते माझ्याकडेच बघून वाचतात. मान खाली घालून बसलो. नंतर कळलं की त्यांच्या चष्म्याची काडी तुटली आहे, म्हणून ते मान तशी वाकडी धरतात.

प्रज्ञा आली होती. पहिल्यांदाच पाहिली. काळीसावळी, हसरी पोरगी, पायात दवाखान्यातलेच पांढरे बूट. तिला साक्री रोडच्या पलीकडे कुठंतरी खोली मिळाली आहे, दोन रिक्षा बदलून यावं लागतं. मला म्हणाली, "काका, नानामामा तुमचं फार सांगतात. तुमच्या पुतण्याला भरतीचं मेडिकल असेल ना? छाती, उंची, डोळे. मला विचारा, कशाची तयारी करायची ते मी सांगेन."

मी हो हो म्हणालो. तिने आपला नंबर दिला.

घरी आलो तर जेवण गेलं नाही. लताला म्हणालो, पित्त झालंय.


२० जुलै, रविवार

गेलो नाही. खरंच नदीच्या काठाने फिरून आलो. लताशी बोललेलं एक तरी खरं झालं.


२७ जुलै, रविवार

पुढच्या रविवारी कानबाई, आमच्या खानदेशातल्या देवीचा सण. यंदा देवीच्या नैवेद्याचे रोट आमच्या घरी आहेत. शिंदखेड्याचे, पारोळ्याचे, सगळे भाऊबंद येणार. आईने गहू निवडायला काढले. घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू, तेच दळायचे, त्याचेच रोट. आणि ते आपल्या भाऊबंदांतच संपवायचे, पौर्णिमेच्या आत. बाहेरच्याला रोटाचा तुकडाही द्यायचा नाही. सख्ख्या लेकीला, ती लग्न होऊन गेली की, तिलाही नाही.

मुठी टाकताना आई नावं घेत होती. दीपकचं नाव आलं तसा माझा हात थांबला. दीपकही येणार आहे. म्हणजे पुतण्या खरंच येणार आहे. मला उगीचच जरा हायसं वाटलं.


३ ऑगस्ट, रविवार

कसं लिहू.

घर गच्च भरलं होतं. कानबाई मांडली होती, नारळाला नथ घातलेली. बायकांची गाणी चालू होती, खिरीचा वास गल्लीभर. मी गेटशी उभा राहून येणाऱ्यांना या या करत होतो. दीपक माझ्या शेजारीच, मोबाईलमध्ये. छगन ओट्यावर चहा पीत बसला होता.

समोरून पंडित नाना आले, मागे प्रज्ञा. नानांच्या हातात जड पिशवी.

"आज गर्दीत आलो, माफ करा," ते म्हणाले. "आमच्या पोराची भरतीची जुनी पुस्तकं होती. तुमच्या पुतण्याला कामाला येतील. हाच ना दीपक?"

दीपकने मान वर केली. त्याच्या पाठीवर हात ठेवून नाना म्हणाले, "अभ्यास कसा चाललाय? वरच्या खोलीत उजेड पुरतो ना? मी येता-जाता बघतो, दिवा असतो."

"कोणती खोली?" दीपक म्हणाला. "मी तर आत्ताच आलो शिंदखेड्याहून. उद्या विसर्जन करून परत. आणि भरती कसली काका, मी डेअरीत कामाला आहे. वय निघून गेलं भरतीचं."

तो हसला. आणखी कुणी हसलं नाही.

नानांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. मग त्यांनी वर खिडकीकडे पाहिलं. टी-शर्ट तिथंच होता, त्याचं लेबलसुद्धा मी काढलं नव्हतं. प्रज्ञानेही पाहिलं आणि ती आपल्या बुटांकडे बघू लागली. त्या पोरीला माझी लाज वाटली, हे मला समजलं.

तेवढ्यात लता दारात आली. "कोण आलंय? या ना आत, बसा."

आणि मी काय बोलावं? मी म्हणालो, "नाना, बसा म्हटलं असतं, पण आज रोट आहेत. भाऊबंदांशिवाय दुसऱ्याला चालत नाही."

ओट्यावर छगन चहाचा घोट घेत होता. छगन माझा कोण भाऊबंद? दर्शनाला, चहाला तर अर्धी गल्ली येऊन गेली होती.

नाना म्हणाले, "बरोबर आहे. रीत असते." पिशवी त्यांनी दीपकच्या हातात दिली. "ठेव. कुणाच्या तरी उपयोगी पडतील." आणि दोघं गेले. प्रज्ञाने जाताना लताला हात जोडले.

दिवसभर मी हसत होतो, वाढत होतो, आरतीत टाळ्या वाजवत होतो. कुणी माझ्या थोबाडीत मारली असती तर मला बरं वाटलं असतं.


४ ऑगस्ट, सोमवार

आज मी धीर केला. तो लिहितो.

सकाळी कानबाई पांझरेवर नेली, नाचत-गात विसर्जन झालं. पाहुणे गेले. उरलेले रोट फडक्यात झाकलेले होते. मी त्यातला एक उचलला, डब्यात घातला आणि कुणाला न सांगता नानांकडे गेलो. आमच्या सात पिढ्यांत कुणी रोट बाहेर नेला नसेल. मनातून वाटत होतं की आता सगळं फिटेल. मी त्यांच्यासाठी रीत मोडतोय, याहून मोठं काय करू शकतो माणूस?

नाना चष्म्याच्या काडीला दोरा बांधत बसले होते. मी डबा पुढे केला. म्हणालो, "नाना, हा रोट आहे. भाऊबंदांशिवाय कुणाला देत नाहीत. मी तुम्हाला भाऊबंद मानतो."

त्यांनी डबा उघडला, पाहिला, परत लावला.

"खोली अजून रिकामी आहे?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "आईला विचारावं लागेल."

"मग हा घेऊन जा, अभिमन भाऊ. आम्ही काही रोट मागितला नव्हता. तुमची रीत तुमच्यापाशी राहू द्या, तिच्यावर आमचा राग नाही. भाडेकरूचं आडनाव चालेना आणि मला भाऊबंद करताय, हे मी कसं खाऊ?"

आवाज चढवला नाही. सुनेला माझ्यासाठी पाणी आणायला सांगितलं. मी पाणी प्यालो, त्यांच्याच घरचं, त्यांच्याच तांब्यातलं. मला पाणी विचारायला ते विसरले नाहीत.

रोट टाकता येत नाही. परत फडक्यात ठेवायला मन होईना. बाहेरच्या जिन्यावर, त्या खोलीच्या पायरीवर बसून मी तो सगळा खाल्ला.

मला त्यांचा थोडा राग आला, हे लिहायलाच हवं. एवढं मी करून आणि त्यांनी परत पाठवावं? राग आला तेव्हा श्वास कुठं होता माहीत नाही.


६ ऑगस्ट, बुधवार

लताने सगळं काढून घेतलं माझ्याकडून. टी-शर्ट हातात धरून समोर बसली होती. विहार, नदी, नाना, खोली. मी शेवटी म्हणालो, "मी आईसाठी केलं गं. तिला चाललं नसतं."

आई दारात उभी होती. काठी टेकवत आत आली.

"मन्हं नाव कसाले सांगं तू?"

"आई, तुला त्रास नको म्हणून."

"माले इचारं का तू? एकदा तरी इचारं का?" ती खाटेवर बसली. म्हणाली, "मी हा म्हनती का नही म्हनती, ते माले बी माहीत नही. पन पाप तुन्हं शे ना रे भाऊ. मन्हा पदरमा कसाले टाकस?"

आईने कधी मला असं म्हटलं नव्हतं. ती मला भाऊ म्हणते तेव्हा तिला फार वाईट वाटलेलं असतं.

लताने खिळ्यावरची किल्ली काढली. म्हणाली, "नंबर द्या त्या पोरीचा."


७ ऑगस्ट, गुरुवार

लता एकटी जाऊन आली. मला नको म्हणाली.

प्रज्ञाने तिला बसवलं, चहा केला. किल्ली पाहून म्हणाली, "काकू, तुम्ही आलात हे मला पुष्कळ झालं. पण आता मला तिथंच बरं आहे. तिथल्या आजींनी मला आडनाव विचारलंच नाही, आल्या आल्या विचारलं, जेवलीस का?"

लता म्हणाली, मी आग्रह केला नाही. केला असता तर तो तिच्यासाठी नसता, आपल्यासाठीच झाला असता.

मी म्हणालो, "निदान आपण विचारलं तरी."

लता उठून आत गेली. किल्ली तिने परत खिळ्याला लावली. मी वर जाऊन दिवा काढून टाकला.

आता मला वाटतं, धर्म बदलावा लागेल का असं मी नानांना विचारलं, तेव्हा ‘नाही’ हेच उत्तर ऐकायला मी आलो होतो. त्यांच्याकडून शांतता घ्यायची आणि आपलं सगळं आपल्या जागी ठेवायचं. शोकेसमधल्या बुद्धाला आडनाव नाही, म्हणून तो आमच्या हॉलमध्ये चालतो.


१० ऑगस्ट, रविवार

लताला सांगून गेलो. विहारात चाललोय, म्हणालो. ती म्हणाली, जा.

काल राखीपौर्णिमा झाली, लोक गावोगावी गेलेले. विहारात नाना आणि प्रज्ञा, दोघंच. मी परत फिरणार होतो, पण नानांनी नेहमीची सतरंजी माझ्यासाठी थोडी सरकवली. मी मागे बसलो. श्वास येत होता, जात होता. मला रडू आलं, ते मी येऊ दिलं.

मग पंचशील. नानांनी पहिलं सांगितलं, जीव न घेण्याचं. आम्ही दोघांनी म्हटलं. दुसरं, तिसरंही म्हटलं. चौथं खोटं न बोलण्याचं. नानांनी सांगितलं, आणि मागून प्रज्ञाचा एकटीचा आवाज आला.

माझं तोंड उघडं होतं. इतके महिने तेच मी सगळ्यात मोठ्याने म्हणत होतो.

नाना थांबले. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. चौथं त्यांनी पुन्हा एकदा सांगितलं, सावकाश, वर्गात एखाद्या मुलाला सांगावं तसं, आणि वाट पाहिली. प्रज्ञा या वेळी काही बोलली नाही. तीही माझ्यासाठीच थांबली होती. बाहेर बोअरची मोटार चालू होती, मीच वायंडिंग करून दिलेली, नीट आवाज येत होता तिचा.

मला म्हणता आलं नाही.

थोड्या वेळाने नाना पाचव्यावर गेले. पाचवं दारूचं. ते मी म्हटलं. दारू मी कधी पीतच नव्हतो.